नाव न घेता सांगितलेली गोष्ट

एका बाईंनी विश्वासाने सांगितलेली गोष्ट मी परगावच्या माणसांपुढे उघड केली आणि नंतर त्यांच्याशीच खोटे बोललो. हे मी बराच काळ लपवले. आज लिहितो आहे ते त्यांच्या होकाराने. ओळखीच्या खुणा त्यांनीच बदलून दिल्या आहेत.

मी समुपदेशक आहे. मंगळवारी पांढुर्ण्यात आणि शुक्रवारी सौंसरला माझे गट बसतात. राग किंवा भीती अनावर झाली तर ती घटकाभर कशी पेलावी, हे आम्ही तिथे शिकतो. श्वास लांबवणे, भावनेला नाव देणे, थंड पाण्यात चेहरा बुडवणे, असे साधे उपाय. इथले बोलणे इथेच राहील, हा नियम पहिल्या दिवशी मीच सांगतो.

त्या बाई पांढुर्ण्याच्या गटात होत्या. पक्षाघाताने अंथरुणाला खिळलेली त्यांची सासू डाव्या हाताने ताट भिरकावत असे. एका दुपारी गरम वरण अंगावर आले आणि बाईंचा हात उगारला गेला. तो तसाच मागे घेऊन त्या अंगणातल्या टाक्याकडे धावल्या आणि त्यांनी कानापर्यंत तोंड पाण्यात घातले.

"पण थांबली ना मी, सर! बुढीले हात नाई लावला," असे त्यांनी सांगितले तेव्हा त्या रडतही होत्या.

त्याच आठवड्यात सौंसरच्या गटाला हा उपाय पटेना. एक गृहस्थ म्हणाले, "राग आल्यावर माणूस बादली शोधत फिरन का, सर?" सगळे हसले. ते हसू मला सोसवले नाही. मी बाईंची गोष्ट सांगितली, ताटासकट. नाव तेवढे घेतले नाही.

पण या दोन गावांत लेकी दिल्या-घेतल्या जातात. बाईंची नणंद सौंसरलाच दिलेली. तिच्या कानावर जाईपर्यंत उगारलेला हात मारलेला झाला होता. ती आली आणि आळीला ऐकू जाईल असे बोलत आईला घेऊन गेली.

बाईंचा फोन आला. "टाक्याची गोष्ट तिले कोणं सांगतली, सर?"

"मला कल्पना नाही," मी म्हणालो.

त्यानंतर त्या गटात आल्या नाहीत. "ताई काऊन नाई येऊन राहिल्या?" असे विचारणाऱ्यांना मी सांगितले, की त्यांना आता बरे आहे. लोकांनी टाळ्या वाजवल्या. इतरांना भावनेला नाव द्यायला शिकवणारा मी, माझ्या लाजेला थकवा म्हणत राहिलो.

मग एका मंगळवारी, मुलगा गमावलेले एक गृहस्थ हळूच म्हणाले, "ताईसारखं मलेही बरं वाटन ना, सर?" माझ्या खोटेपणावर ते आशा टेकवून बसले होते.

दुसऱ्या दिवशी मी बाईंच्या दारी गेलो. त्यांनी पाणी दिले. ओसरीवरची सासूची बाज रिकामी होती.

"सौंसरला ती गोष्ट मीच सांगितली," मी म्हणालो.

त्यांनी माझ्यापुढचा पेला उचलून घेतला. मग म्हणाल्या, "आता हे कोणत्या गटात सांगसान?"

"तुम्ही म्हणाल तिथे. नाही तर कुठेच नाही." माझा आवाज मलाच ऐकू येईना, म्हणून मी पुन्हा, मोठ्याने म्हणालो, "ताई, माझं म्हणणं खरं ठरावं म्हणून मी तुमची गोष्ट वापरली. तुम्ही विचारलंत तेव्हाही खोटं बोललो. मला माफ करा."