गावाकडच्या गोगलगायी
शेवाळलेल्या पाण्याचा वास आला, की सुरतेतल्या लिंबायतच्या आमच्या खोलीच्या खिडकीतल्या दोन बरण्या आठवतात. कॉलेजच्या प्रयोगासाठी एका बरणीत मी भेस्तानच्या तळ्यातल्या गोगलगायी ठेवल्या होत्या. दुसरीतल्या गोगलगायी आईनं धुळ्याकडच्या आमच्या गावच्या ओढ्यातून वेचून, डब्यात घालून, मांडीवर धरून आणल्या होत्या. दोन्हींत सुरतच्या तळ्यातलेच जंत सोडणार म्हटल्यावर ती माझ्यावर उखडलीच. ‘नवं पानी पाहुणास्लेच बाधस,’ म्हणाली, आणि रोज सकाळी आपल्या गोगलगायींना पालकाचं पान टाकू लागली. महिन्याभरानं पाहिलं तर उलटंच. तळ्यातल्या बहुतेक गोगलगायींत जंत शिरले होते, गावाकडच्या जवळजवळ सगळ्या धडधाकट. मी तिला सांगितलं, जंत पिढ्यान्‌पिढ्या जिथं राहतो तिथल्याच गोगलगायीच्या अंगात शिरायला सरावतो, परकीच्या अंगात शिरणं त्याला जमत नाही. सुटीत तिच्या गोगलगायींना परत ओढ्यात सोडायला निघालो, तर तिनं डबा हातातून काढून घेतला. ‘तठे नको सोडू. तठला जंत यास्ले वळखस.’ गावी कायमचं परतायचा दर दिवाळीचा विषयही तिनं पुन्हा काढला नाही. त्यांची पिल्लावळ आज माझ्या गॅलरीतल्या टबात आहे. पाणी मी बदलतो, पालक अजून तीच टाकते.