कासिमभाई आणि मिठाची बरणी

बाकीच्या साइट आम्ही विसरलो, पण पावस रोडवरच्या त्या स्विमिंग पूलचा विषय निघाला की एकाचा किस्सा संपायच्या आत दुसऱ्याचा सुरू! २००४ सालची गोष्ट. रिसॉर्टचा पूल, तोही खाऱ्या पाण्याचा. मी सुपरवायझर आणि भोवतीच्या काँक्रीटच्या फरशीच्या, म्हणजे डेकच्या, फिनिशिंगला कासिमभाई. जयगडचा माणूस, बारा वर्षं मस्कतला हेच काम केलेला. इथलं पहिलंच काम. आल्या आल्या म्हणाला, "एक पावसाळा काढून डेकचा पापुद्रा निघाला नाही, तर गावातच धंदा. निघाला, तर परत मस्कत." तिकडचा व्हिसा आलेलाच होता. आमचा जीव टांगणीला, असा कारागीर रत्नागिरीत दुसरा कुठे होता?

"मीठ सगळं खातं," हे त्याचं पालुपद. पाणी उडतं, सुकतं, मीठ काँक्रीटमध्ये शिरतं आणि आतून पोखरतं, म्हणून वर पाणी अडवणारा सीलर मारायचा. साइटवर, टपरीवर, घरी, सगळीकडे हेच ऐकवायचा.

*

पाय घसरू नये म्हणून ओल्या काँक्रीटवर झाडूच्या रेघा ओढतात. त्याचा खास ब्रश मुंबईहून यायचा होता, तो आलाच नाही. कासिमभाईने घरून खराटा आणला, माडाच्या हिरांचा, आणि काय रेघा ओढल्या महाराजा! रिसॉर्टचे शेठ खूश. ब्रश कुठला म्हणून विचारलं.

"इंपोर्टेड," कासिमभाई म्हणाला. "जयगडहून."

*

सीलर मारण्याआधी काँक्रीट धुऊन सुकवायचं, मिठाचा अंशही नको. सीलरच्या कंपनीचा माणूस मीठ मोजायचं मीटर घेऊन आला, तर दमट हवेने मीटरच बंद! कासिमभाईने ओलं बोट जमिनीवर फिरवून जिभेला लावलं.

"भाजीत चालेल, काँक्रीटला नाही. अजून एक पाणी मारा."

कंपनीच्या माणसाने ते वहीत लिहून घेतलं, शप्पथ!

*

शेठना वाटलं, खाऱ्या पाण्याचा पूल म्हणजे समुद्राचंच पाणी. मीठ विकत कशाला घ्यायचं म्हणून त्यांनी परस्पर खाडीच्या पाण्याचा टँकर मागवला. पूलमध्ये ओतलं, तर आत बोटाएवढे मासे! रिसॉर्टचा आचारी परात घेऊन धावत आला आणि अगदी अदबीने विचारता झाला, "शेठ, तळायचे की पोहायला ठेवायचे?"

*

पावसाळा सरला आणि आम्ही सगळे डेकवर जमलो. बादली ओतली. अळूच्या पानावर राहावेत तसे पाण्याचे थेंब गोल उभे! मी तर नाचायचाच बाकी होतो. पण शॉवरजवळच्या कोपऱ्यात कासिमभाईने नख लावलं, आणि आठ आण्याएवढा पापुद्रा हातात आला.

आम्ही परोपरीने विनवलं, एवढ्याशा तुकड्याचं काय घेऊन बसलास म्हटलं. तो ऐकेना. जबान दिली ती दिली. त्याने घरी फोन लावून भाबींना कपाटातला पासपोर्ट घेऊन यायला सांगितलं, दुपारीच एजंटकडे द्यायचा म्हणून. मला तर रडू फुटायचं बाकी होतं.

दोन तासांनी भाबी एस.टी.ने आल्या. पिशवीतून त्यांनी चिनी मातीची बरणी काढली आणि त्याच्या पुढ्यात ठेवली. कासिमभाईने हात घातला. पाणी सुटलेल्या मिठातून पासपोर्टचा लगदा बाहेर आला.

"तुमीच सांगता ना, मीठ सगळं खातं," भाबी म्हणाल्या. "पावसाळाभर घालून ठेवलाय."