बाटलीवरचे वीस टक्के

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही. ज्याला सांगायला हवं होतं त्या दिलीपला तर नाहीच.

मी मुलुंडला राहतो. आकडा चुकलेला मला खपत नाही. सोसायटीच्या टाकीतलं पाणीसुद्धा मी पट्टी घालून मोजतो, त्यावरून लोक हसतात. हसू देत. पण म्हणूनच माझ्या मापावर कुणी कधी शंका घेतली नाही — आणि त्यातच सगळं आलं.

बारा वर्षांपूर्वी आम्ही पाच-सहा जण रविवारी सकाळी कल्याणच्या पुढच्या माळावर मॉडेल विमानं उडवायचो. आता सगळे बॅटरीवर उडवतात; तेव्हा मुठीएवढी इंजिनं असायची. त्यांना पेट्रोल चालत नाही. मिथेनॉल लागतं, आणि वंगणाला त्यातच मिसळलेलं एरंडेल. शंभरात वीस. तेल कमी पडलं की इंजिन तापतं आणि जाम होतं. सगळ्यांचं इंधन मी घरी बनवायचो, बाटलीवर प्रमाण आणि तारीख लिहायचो.

दिलीप कांदिवलीहून यायचा. त्याच्याकडे कान होता. इंधन कमी-जास्त करणारी सुई आम्ही अंदाजाने फिरवायचो, तो विमानाचं नाक वर धरून डोळे मिटायचा, केसभर फिरवायचा आणि म्हणायचा, "हां, आता गातंय." कधी चुकला नाही.

त्या रविवारी त्याचं नवं विमान पहिल्यांदा उडणार होतं. आठ महिने बाल्साचं हलकं लाकूड कापून बनवलेलं. मी एक लिटर इंधन आणतो म्हणून सांगितलं होतं. आदल्या संध्याकाळी बघतो तर घरात एरंडेल एकशेवीस मिलीच. त्यात सहाशे मिली इंधन झालं असतं — हे गणित मला तेव्हाही येत होतं. मग सहाशेच का नाही नेलं? कारण लिटर म्हटलं होतं. एवढंच! मी आठशेऐंशी मिली मिथेनॉल ओतलं आणि बाटलीवर लिहिलं — एरंडेल २० टक्के.

पहिल्यांदा दिलीपनेच भरलं. विमान वर गेलं, दोन फेऱ्या झाल्या, इंजिनाचा आवाज चिरका झाला आणि बंद पडला. पंखा जागीच थांबला होता. विमान वळवायला उंची नव्हती. खडकावर पडलं.

तुकडे गोळा करताना त्याने सायलेन्सरवरून बोट फिरवलं, अंगठ्याला चोळलं. "तेल कमी वाटतंय का रे?" आरोप नव्हता तो. साधं विचारलं त्याने.

मी काय केलं? हसलो. सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालो, "माझं माप काढतोस? सुई आवळलीस ना जास्त. कान साफ कर आधी!"

मंडळी खो खो हसली. कुणीतरी म्हणालं, "दिल्या, आता मशीन लाव कानाला." तोही हसला. मग त्या बोटाकडे बघत राहिला. "असेल यार," म्हणाला. "घाई झाली माझीच."

पुढच्या रविवारी जुनं विमान घेऊन आला. नाक वर धरलं, डोळे मिटले — आणि उघडून माझ्याकडे बघितलं. "तू सांग ना, बरोबर आहे?" मी, ज्याला त्यातलं काही कळत नव्हतं, गंभीर चेहरा करून म्हणालो, "अजून थोडी सोड." त्याने सोडली. असे चार-पाच रविवार गेले. मग तो यायचा थांबला. इंजिनं वाटून टाकली. एक मलाही दिलं — मी घेतलं.

आणखी एक सांगायचं राहिलं. विमान पडलं त्या रविवारी त्याने बाटलीतलं दीडशे मिलीच भरलं होतं. उरलेल्या साडेआठशेत पंच्याऐंशी मिली एरंडेल घातलं की बरोबर वीस टक्के होतात. सोमवारी आणून मी ते घातलं. बाटलीवरची चिठ्ठी बदलावी लागली नाही.

गेल्या महिन्यात एका लग्नात भेटला. शेजारच्याला माझी ओळख करून देताना म्हणाला, "हा आमचा मापवाला. एक थेंब इकडचा तिकडे होणार नाही. माझाच कान कच्चा निघाला."

मी हात जोडून नमस्कार केला आणि जेवायला गेलो.