खडूसबुवांची निळी पानं

मावशीला कारखान्यात सगळे मावशीच म्हणत, अगदी मोठे साहेबसुद्धा. तिथे पीठ मळायची यंत्रं बनत, आणि ती कशी चालवायची त्याची पुस्तिका मावशी लिहायची. लिहिणं सोपं हो! खरी कटकट पुढेच. तपासणारे दोघं लांबच्या शहरात, आणि त्यांचं सॉफ्टवेअर हिच्याहून वेगळं. इथून सरळ गेलेल्या तक्त्याचं तिकडे पोचेपर्यंत कंबरडं मोडलेलं असायचं. चित्रं भलत्याच पानावर जाऊन बसायची. मग मावशी बापडी सगळं पुन्हा जागेवर आणायची.

सुरक्षा तपासणाऱ्या बाई गोड होत्या. इंजिनिअर मात्र महाखडूस. पानापानावर लाल शेरे : ‘अस्पष्ट’, ‘पुन्हा लिहा’. कधी ‘छान’ म्हटलं असेल तर शपथ! मावशीने त्यांचं नाव खडूसबुवा ठेवलं होतं. त्यांच्या प्रत्येक शेऱ्याला ती फाइलमध्येच निळ्या अक्षरांत सडेतोड उत्तर लिहायची आणि बटण दाबून लपवून ठेवायची. डबा खाताना ते उघडून एकटीच खुदखुदायची. फाइल पाठवण्याआधी सगळं पुसून टाकायची.

ही पुस्तिका खडूसबुवांनी पास केली तरच मावशीची नोकरी कायम होणार होती. तिने फाइल पाठवली आणि निवांत चहा घेतला. तेवढ्यात सुरक्षावाल्या बाईंचा फोन आला. त्यांना हसू आवरेना.

“मावशी, ते निळंसुद्धा छापायचंय का हो?”

“कुठलं निळं?”

“‘खडूसबुवा, एकदा छान म्हटलंत तर जीभ झडेल का?’ पान नऊ!”

मावशीच्या पायाखालची जमीनच सरकली. तक्ते सरळ करण्याच्या नादात पुसायचं राहिलं होतं, आणि इथे लपलेलं तिकडे ढळढळीत दिसत होतं. म्हणजे खडूसबुवांनाही!

“गेली माझी नोकरी,” घरी येऊन तिने नवऱ्याला सगळं सांगितलं.

“खरं तेच लिहिलंस ना? मग?”

“अहो, खरं आहे म्हणूनच तर!”

सकाळी फाइल परत आली. मावशीने देवाचं नाव घेऊन उघडली. लाल शेरे होतेच. पण प्रत्येक निळ्या ओळीखाली आता हिरवी ओळ होती. पान चारवर मावशीने लिहिलं होतं, ‘तुमचं बोलणं तुमच्या बायकोला तरी कळतं का?’ खाली हिरव्यात : ‘विचारलं. नाही म्हणाली.’

पान नऊवर : ‘छान. जीभ शाबूत आहे.’

आणि शेवटी : ‘मंजूर. फक्त पान चार सुधारा. निळं पुसून छापा, पण मला निळ्यासकट एक प्रत पाठवा. घरी मागणी आहे.’

मावशी हसता हसता रडली. डोळे पुसून तिने पान चार काढलं आणि खडूसबुवांनी ‘अस्पष्ट’ म्हटलेलं वाक्य पहिल्यांदाच नीट वाचलं.

मेलं खरंच अस्पष्ट होतं.