विमानतळाच्या बसमध्ये राहिलेली दस्ती

प्लॉटिंगच्या एजंटनं मला फसवलं. "दादा, कॉलनीच्या तोंडाशीच विमानतळाची बस हाय, दर अर्ध्या घंट्याला!" या एका वाक्यावर मी नांदेडात फ्लॅट घेतला. राहायला आलो तर थांब्याचा नुसता खांब. बस नाहीच.

मी लोह्याचा. पाइपांचं दुकान शून्यातून उभं केलं. भुताखेतांवर काडीचा विश्वास नाही... घडलं तेवढं लिहितो.

मुलीला, सुप्रियाला, बंगळुरूला नोकरी लागली. निघायच्या दुसऱ्याच दिवशी हजर झाली नाही तर जागा गेली. विमान सकाळी साडेनऊचं. आठला आम्ही खांबापाशी उभे. एक ऑटो आला. त्यानं भाडं सांगितलं, मी निम्मं म्हणालो.

"काका, विमानाला पैसे हायत, ऑटोला न्हाईत?"

माझं डोकं फिरलं, तोंड सुटलं. तो निघून गेला. मग अर्धा तास दुसरा ऑटो नाही.

"बाबा, आज तरी भाव करायचा नव्हता," सुप्रिया म्हणाली. डोळे भरलेले.

आणि बस आली. जुनी, लाल, काचेवर खडूनं लिहिलेलं – विमानतळ. सवयीनं मी खिडकीतून दस्ती फेकून जागा धरली. आमच्याकडं बस दिसली की हात आधी रुमालाकडं जातो. चढून बघतो तर आख्खी बस रिकामी!

कंडक्टर हसला. "काका, जागा कुणापासून धरून राहिलात?"

मी तिकिटाचं विचारलं.

"ऱ्हाऊ द्या. पोरीचं पहिलं विमान हाय."

हे त्याला कुणी सांगितलं? आम्ही तर नाही.

विमान मिळालं. दस्ती मात्र बसमध्येच राहिली. आपली वस्तू सोडणारा मी नव्हे. दुसऱ्या दिवशी डेपो गाठला. साहेब म्हणाले, "त्या रोडला आपली बस कधीच नव्हती." मी भांडलो. शेवटी वैतागून म्हणाले, "जा, स्वतः बघा."

मागच्या बाजूला भंगारातल्या बसा होत्या. एकीच्या काचेवर खडूची तीच अक्षरं. चाकं नाहीत, खाली विटा, दाराला वेल चढलेला. खिडकीतून बघितलं... सीटवर माझी निळ्या काठाची दस्ती. मी फेकली होती; ती नीट घडी घातलेली.

एजंटला फोन केला, तर तो म्हणतो, "दादा, बस हाय म्हणलो होतो ना मी?"

आता याच्याशी भांडू तरी कसा?

हात घालून दस्ती काढता आली असती. काढली नाही. जागा धरलेली राहू दे. सुप्रिया दिवाळीला येतेय, विमान दुपारी उतरतं. तेव्हा एजंट असो, डेपोवाले असोत, नाहीतर तो कंडक्टर... कुणीतरी मला जबाब द्या – त्या दिवशी बस किती वाजता सोडताय?