ग्रेट डेनच्या रिंगमधले पावणे

ज्याच्या घरी कुत्रं आहे त्याच्या पँटवर केस असणारच, कितीही झटका. किश्शांचंही तसंच आहे. कोल्हापूरच्या डॉग शोहून मी दरवर्षी घरी यायचो तो कपड्यांवर केस आणि डोक्यात किस्से घेऊन. केस बायकोनं झटकले. किस्से काही निघाले नाहीत!

मी शाळेत ड्रॉइंग मास्तर. माझ्या घरी कुत्रं सोडा, मांजरसुद्धा नाही. नव्वदच्या दशकात शो सुरू झाला तेव्हा मैदानावर फक्कीनं रिंग आखायला मला बोलावलं होतं. चौकोन आखले, हात झटकले, निघालो. तर ग्रेट डेनच्या रिंगचा स्टुअर्डच आला नव्हता. स्टुअर्ड म्हणजे जजच्या शेजारी उभं राहून नंबर पुकारायचे, रिबिनी द्यायच्या आणि बाहेरगावच्या जजचं बोलणं मालकांना समजावून सांगायचं.

"मास्तर, तुमचा आवाज मोठा हाय, उभं ऱ्हावा की!" असं म्हणून कमिटीनं माझ्या शर्टाला बिल्ला लावला. तो पुढे कित्येक वर्षं निघाला नाही. ग्रेट डेन म्हणजे वासराएवढं कुत्रं. पहिल्या वर्षी मी जजच्या मागेच लपून नंबर पुकारले.

मला तिथं टिकवलं ते अण्णांनी. अण्णा जयसिंगपूरचे भुसार मालाचे व्यापारी. कपाळावर भस्म, घरात अंडंसुद्धा चालत नाही आणि अंगणात ग्रेट डेनची जोडी! कुत्र्यांसाठी मटण शेजाऱ्याच्या चुलीवर शिजायचं आणि ते वाढताना अण्णा तोंड भिंतीकडे करायचे. या माणसाची आयुष्यात एकच इच्छा होती.

"मास्तर, एक दिवस ह्या रिंगमधी मी जज म्हणून हुभा ऱ्हाणार. आन् अण्णानं आपल्या मानसाला नंबर दिला, असं कुणी म्हणाय न्हाय पायजे!"

इच्छा चांगली होती, पण गाव चुकीचं होतं. कोल्हापुरात दोन माणसं चहाला बसली, की कप रिकामा होईपर्यंत एकमेकांची पाहुणी निघतात.

* * *

पहिल्याच वर्षी मद्रासहून जज आले होते. टाय लावलेले, गंभीर, मराठीचा गंध नाही. एका खेड्यातले शेतकरी पहिल्यांदाच आपला डेन घेऊन रिंगमध्ये उतरले होते. डोक्याला फेटा, खांद्यावर टॉवेल.

जजनी कुत्र्याचं तोंड उघडून दात बघितले. पाठीवरून हात फिरवला, मांड्या दाबल्या. चार पावलं मागे जाऊन मान तिरपी करून बघितलं. मग चालवून दाखवायला सांगितलं. आता तुम्हीच सांगा, आमच्याकडे असं कोण करतं? बैल बघायला आलेलं गिऱ्हाईक! शेतकऱ्याचा चेहरा हळूहळू बदलायला लागला.

शेवटी जजनी आभार मानायला हात पुढे केला. यांनी खांद्यावरचा टॉवेल काढून त्या हातावर टाकला आणि खालून बोटं दाबायला सुरुवात केली. बैलबाजारात भाव असाच होतो, शेजारच्याला पत्ता लागत नाही. जज माझ्याकडे बघायला लागले. त्यांना वाटलं, ही इकडची पद्धत असेल. म्हणून त्यांनीही सभ्यपणे दोन बोटं दाबली!

शेतकऱ्यानं झटक्यात हात काढून घेतला. "ह्या! येवढ्यात शेरडू तर येतंय का पावणं? चला, न्हाय द्याचा!" आणि कुत्रं घेऊन रिंगबाहेर.

"इथली माणसं फार प्रेमळ आहेत," जज मला इंग्रजीत म्हणाले.

* * *

अण्णांच्या घरी कुत्र्यांशी कन्नडमध्ये बोलायची पद्धत. माणसांशी मराठी, कुत्र्यांशी कन्नड. त्यांच्याकडचं एक पिल्लू मलकापूरच्या बंडूशेठनी नेलं. बंडूशेठचं तिथं रत्नागिरी रस्त्यावर हॉटेल. महिनाभरानं त्यांचा अण्णांना फोन आला, मी तेव्हा दुकानातच होतो.

"अण्णा, बहिरं पिल्लू दिलासा व्हय मला? ये म्हटलं येत न्हाय, बस म्हटलं बसत न्हाय. कप फुटला तरच मान वळवतंय!"

अण्णा म्हणाले, "फोन त्येच्या कानाला लावा."

बंडूशेठनी लावला असावा. अण्णा पेठेतल्या सगळ्या दुकानांना ऐकू जाईल असे ओरडले, "बा इल्ली!" म्हणजे इकडे ये. पलीकडून काहीतरी धाडकन पडल्याचा आवाज आला आणि फोन बंद झाला. पिल्लानं आनंदानं गल्ल्यावर उडी मारली होती, असं मागाहून कळलं.

मग बंडूशेठ एका रविवारी जयसिंगपूरला येऊन कुत्र्यापुरतं कन्नड शिकून गेले. पुढच्या शोला ते रिंगमध्ये आले, कुत्र्याला कन्नडमध्ये बसवतायत, उठवतायत. त्या वर्षी जज होते बेंगळूरचे. परमुलखात आपली भाषा ऐकून बिचारे इतके खूश झाले, की तपासणी सोडून बंडूशेठशी कन्नडमध्ये गप्पाच मारायला लागले. गाव कुठलं, घरी कोण असतं, कुत्र्याला काय घालता! बंडूशेठना घाम फुटला. शेवटी त्यांनी हात जोडले.

"सायेब, कन्नड कुत्र्याला येतंय. मला न्हाय!"

* * *

ग्रेट डेनला एक खोड असते. ओळख झाली, की माणसाला टेकून उभं राहायचं, सगळं वजन टाकून. एका वर्षी बक्षीस द्यायला एक पुढारी आले. कडक इस्त्रीचे पांढरे कपडे, मागे कार्यकर्ते. फोटोसाठी उभे राहिले तर विजेता डेन त्यांना जो टेकला, तो टेकलाच. पुढारी इंचाइंचानं सरकतायत, कुत्रं त्यांच्या मागं सरकतंय, फोटोग्राफर त्या दोघांच्या मागं. शेवटी सगळे मंडपाच्या खांबाला जाऊन अडकले.

आम्ही घाबरलो. पण पुढारी हुशार! माईक हातात घेऊन म्हणाले, "पाठीशी हाय म्हणतंय आन् सगळा भार माझ्यावरच टाकतंय. ह्ये आमच्याच पार्टीतलं दिसतंय!"

* * *

आणि आमचं पब्लिक! त्यांना जज नकोच असतो. सगळ्यात दांडगं कुत्रं तेच पहिलं, हा त्यांचा निकाल रिंग भरायच्या आधीच झालेला. एकदा जजनी एका सडपातळ, देखण्या मादीला पहिला नंबर दिला आणि दांडग्या नराला दुसरा. झालं! दोराच्या पलीकडून आरडाओरडा सुरू. मी माईकवरून शांतपणे समजावलं, की मादीची ठेवण चांगली आहे, मान चांगली आहे, चाल चांगली आहे.

गर्दीतून आवाज आला, "मास्तर, ह्ये असलं तोंडी न्हाय चालायचं! दोघास्नी सोडा, चितपट होऊ दे!"

* * *

आता अण्णांचं सांगतो. मोबाईल नवीनच आले होते तेव्हाची गोष्ट. अण्णा परीक्षा देऊन जज झाले आणि कोल्हापूरच्या शोनं त्यांना ग्रेट डेनची रिंग दिली. नवा कोट शिवला, भस्म जरा ठळक लावलं. मला आतून फार बरं वाटत होतं. माझा मित्र ज्या जागेसाठी इतकी वर्षं झुरला, तिथं तो उभा होता.

मी पहिल्या गटाचे नंबर पुकारले आणि बघतो तर काय, रांगेत तात्या! तात्या म्हणजे अण्णांचे व्याही. आदल्याच वर्षी अण्णांची गौरी नेसरीला तात्यांच्या घरी दिली होती. आणि तात्यांच्या हातातला डेन, वजीर, तोही अण्णांनीच लग्नात दिलेला. बेंगळूरहून पिल्लू आणून रुखवताशेजारी वेताच्या पाटीत ठेवलं होतं. अख्खं लग्न लाडू सोडून पाटीभोवती जमलं होतं!

तात्या माझ्याकडे बघून गालात हसले. घरचा जज, घरचं कुत्रं, काळजी कसली? काळजी मला होती. नंबर दिला तर अण्णांचं नाव जाणार, आणि नाही दिला तर पोरीनं सासरी तोंड कसं दाखवायचं? लेकीचा बाप व्याह्यांच्या पुढं मान वर करून बोलत नाही, ही आमच्याकडची रीत. त्यात हा व्याही टोपी तिरकी झाली तरी रुसणारा.

अण्णा माझ्याजवळ आले. "मास्तर, कमिटीकडनं टॉवेल-टोपी आन् नारळ आना."

पाहुण्यांच्या सत्कारासाठी आणलेलं सामान होतंच. अण्णांनी भर रिंगमध्ये तात्यांच्या डोक्यावर टोपी घातली, खांद्यावर टॉवेल टाकला, हातात नारळ दिला आणि वाकून नमस्कार केला. गर्दीनं टाळ्या पिटल्या. "झाला पयला नंबर!" कुणीतरी ओरडलं. तात्यांनी मिशीवर हात फिरवला.

मग अण्णा सरळ झाले आणि कोटाचं बटण लावलं. "मान झाला. आता कुत्रं चालवून दावा."

तात्या एका हातात साखळी आणि दुसऱ्या हातात नारळ घेऊन चालले. "परत," अण्णा म्हणाले. तात्या परत चालले. "जरा पळवा." तात्या पळाले, टोपी डोळ्यांवर आली, नारळ सुटेना. "आता माझ्याकडं पाठ करून." पब्लिकला काय पाहिजे? "अण्णा, पोरगी बगाय आलासा काय हो?"

अण्णा हसले नाहीत. वजीर दिसायला राजा होता, पण चालताना मागचे पाय आत वळून एकमेकांना घासत होते. मलासुद्धा दिसत होतं, आणि मी ड्रॉइंग मास्तर! अण्णांनी बाकीच्या कुत्र्यांना एकेक करून रांगेत लावलं. वजीर शेवटी राहिला.

"पावणं," तात्या हळूच म्हणाले, "सोयरीक इसरलासा व्हय?"

"सोयरीक तुमच्यासंगं हाय तात्या, तिचा मान दिला. कुत्र्याच्या मागल्या पायात खोट हाय, त्येला मी काय करू?"

तात्या टोपी-टॉवेल तसाच अंगावर ठेवून, नारळ घेऊन, न जेवता गेले. अण्णांनी पुढचे सगळे गट नीट तपासले. त्या दिवशी मैदानावर 'आपल्या मानसाला दिला' असं कुणीच म्हणालं नाही. मला अण्णांचा अभिमान वाटला, आणि गौरीची काळजीही तेवढीच वाटली.

त्यानंतर नेसरीहून फोन नाही. अण्णांनी केला तर कुणी उचलेना. घरी वहिनी अण्णांशी बोलायच्या बंद झाल्या. ताट वाढायच्या, तेही भिंतीशी बोलत: "कुत्र्याचं पाय दिसलं, पोरीचा संसार दिसला न्हाय!" जत्रेला गौरीनं माहेरी यायचं ठरलं होतं, तिचाही निरोप नाही. दिवसभर अण्णा दुकानात फोनकडे बघत बसायचे.

शेवटी अण्णांनी मला बोलावून घेतलं. नेसरीला जाऊन समजूत काढायची ठरली. वहिनींनी फळांची टोपली भरली, आम्ही चपला घालतोय, तोच दारात जीप थांबली.

आधी गौरी उतरली, हातात मोठी बॅग. वहिनी तिथंच उंबऱ्यावर मटकन बसल्या. मागून तात्या उतरले. त्यांनी जीपचं मागचं दार उघडलं, तशी वजीरनं खाली उडी मारली. त्याच्या पाठोपाठ त्याची गोधडी, परात आणि साखळीची जोडी.

अण्णा हात जोडून पुढे झाले. "तात्या, पोरीची काय चूक? जे काय हाय ते मला बोला."

"पोरीला काय झालंय?" तात्या म्हणाले. "जत्रंला आनून सोडली. जत्रा झाली की न्यायला येतो. आमच्या सुनंत खोट न्हाय."

मग त्यांनी वजीरची साखळी अण्णांच्या हातात ठेवली.

"खोट तुमी ह्येच्यात काढलासा. तवा ह्यो ऱ्हाऊ दे म्हायेरी. चाल सुदारली की निरोप धाडा, मग बगू नांदवायचं!"