मेजर आहेत का?

शैलाताईचा फोन आला तेव्हा मी दाढी करत होतो. "लवकर ये. यांना उठवतेय, उठत नाहीयेत." एवढंच म्हणाली. आवाजात रडू नव्हतं, उलट दाजी उशिरापर्यंत झोपले म्हणून थोडी चिडल्यासारखी वाटली. अर्धी दाढी तशीच ठेवून मी मखमलाबादला तिच्या घरी पोहोचलो, तोवर शेजारचे डॉक्टर येऊन गेले होते. दाजी कुशीवर झोपले होते, नेहमीसारखे, हात उशाखाली. खिडकीतून मळ्यातल्या गुलाबांचा वास येत होता. फुलं तोडायची वेळ टळून चालली होती आणि बाया बांधावर गप्प उभ्या होत्या. झोपेतच गेले, त्रास झाला नाही, असं सगळे म्हणत होते. मलाही तसंच वाटलं. आणि खरं सांगायचं तर त्या सकाळीही माझ्या मनात दुःखाच्या खाली कुठेतरी एक सुटकेची भावना होती… हा माणूस नाव परत मिळवून गेला, ही.

दशक्रियेची पत्रिका छापायचं काम माझ्याकडे आलं. छापखान्यातल्या माणसाने विचारलं, "नावाआधी काय लावू? कैलासवासी तर आहेच, अजून काही?" मी बाहेर येऊन ताईला फोन केला. "मेजर लावू का?" ती म्हणाली, "आता कुणाची परवानगी मागतोस? छाप."

मी परवानगी का मागितली, हे कळायला थोडं मागे जावं लागेल.

रघुनाथदाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. फुलमळेवाल्यांच्या घरातले. आजोबा-वडील पहाटे झेंडू-शेवंतीच्या जाळ्या घेऊन फुलबाजारात जायचे. हा मुलगा लष्करात अधिकारी झाला, गावातला पहिलाच. आमच्या भागात सैन्यातल्या कुणालाही मेजर म्हणतात. साधा शिपाई सुट्टीवर आला तरी पारावरून हाक येते, "काय मेजर, कधी आलात?" दाजींची गंमत अशी की ते खरोखरच मेजर झाले आणि गावाला त्याचं काही विशेष वाटलं नाही. गावाच्या लेखी ते भरती झाले त्या दिवसापासूनच मेजर होते.

नव्वदच्या सुमाराला ते ईशान्येकडे एका तुकडीचे प्रमुख होते. सगळ्यांच्या सुट्ट्या बंद होत्या. त्यांच्या हाताखाली हरसूलकडचा एक जवान होता, काशिनाथ. त्याची बायको पहिलटकरीण, बाळ आडवं आलेलं. तार आली तेव्हा दाजींनी त्याला तोंडी परवानगी देऊन घरी पाठवलं आणि हजेरीत हजर दाखवलं. त्याच आठवड्यात वरून अचानक तपासणी झाली आणि काशिनाथ सापडला नाही. प्रकरण एवढ्यावर राहिलं असतं तरी शिक्षा झालीच असती, पण कुणीतरी जोडून दिलं की हा अधिकारी पैसे घेऊन सुट्ट्या विकतो. चौकशीत काशिनाथला विचारलं, तुझ्याकडून काय घेतलं? तो म्हणाला, मला काही आठवत नाही. त्याच्या न आठवण्याचा अर्थ ज्यांना जो लावायचा होता तो त्यांनी लावला. लष्करी न्यायालयाने दाजींना बडतर्फ केलं. कारण लिहिलं, अप्रामाणिक वर्तन.

दाजी ट्रंक घेऊन घरी आले आणि दुसऱ्या दिवशी पहाटे वडिलांबरोबर फुलं तोडायला गेले. कुणाला काही सांगितलं नाही, कुणापासून लपवलंही नाही. बडतर्फ माणसाला हुद्दा लावता येत नाही. गावाला हे कोण समजावणार? फाटकाशी कुणी ना कुणी यायचं आणि विचारायचं, "मेजर आहेत का?" दाजी मळ्यातून हात पुसत यायचे आणि म्हणायचे, "मेजर नाहीत. मी आहे. आत या." रागाने नाही, पाणी हवंय का विचारावं तशा आवाजात. पण प्रत्येक वेळी म्हणायचे. ताई एकदा वैतागून म्हणाली, "अहो, लोक प्रेमाने म्हणतात, म्हणू द्या की." त्यावर दाजी म्हणाले, "प्रेमाने चुकीचं म्हणतात. प्रेम ठेवू, चूक दुरुस्त करू."

त्यांनी दिल्लीला अर्ज केला होता. वकील म्हणाले होते, असं सांगा की हजेरी कारकुनाने लिहिली, तुम्ही न वाचता सही केली. दाजी म्हणाले, "सही वाचूनच केली होती." वकील वैतागले. "मग तुम्हाला नेमकं हवंय काय?" दाजी म्हणाले, "हजेरी खोटी लिहिली, त्याची शिक्षा मान्य आहे. नोकरी गेली तर गेली. पैसे मात्र घेतलेले नाहीत. अप्रामाणिक हा शब्द तेवढा काढून द्या." सगळी लढाई त्या एका शब्दाची होती.

आणि त्याच काळात माझं लग्न ठरलं.

सासुरवाडी येवल्याची, पैठणीचे माग असलेलं घर. बैठकीत आमच्या काकांनी सांगून टाकलं होतं, मुलाचे दाजी मिलिटरीत मेजर आहेत. मी समोर बसलो होतो आणि गप्प राहिलो. पत्रिका छापायला टाकायच्या आधी दाजींनी मला मळ्यात बोलावून सांगितलं, "माझं नाव नुसतं घाल. मागे-पुढे काही लावू नकोस. अर्ज चालू आहे." मी हो म्हणालो. छापखान्यात गेल्यावर मेहुणे मंडळींच्या यादीत त्यांच्या नावाआधी मेजर लिहून दिलं.

मी हे त्यांच्या मानासाठी केलं, असं पुढे बरीच वर्षं स्वतःला सांगत राहिलो. ते खरं नव्हतं. येवल्याच्या माणसांसमोर नुसतं नाव मला उघडं वाटत होतं. नोकरीवरून काढलेला माणूस आमच्या घरात आहे याची मला लाज वाटत होती. ती मी त्या एका शब्दाखाली झाकली.

लग्नाच्या आदल्या दिवशी दाजींच्या हातात पत्रिका पडली. उन्हात धरून वाचली, घडी करून खिशात ठेवली. "अक्षर सुरेख उठलंय," एवढंच म्हणाले आणि आचाऱ्याकडे गेले. लग्नात पंगतीला वाढायला सगळ्यांत पुढे तेच होते. मला वाटलं, झालं ते झालं.

पुढच्या वर्षी दिल्लीहून अर्ज फेटाळल्याचा कागद आला. दाजी स्वतः तो घेऊन माझ्या घरी आले. बायको चहा करायला आत गेली आणि मी वाचू लागलो. अर्जदार बडतर्फीनंतरही जाहीरपणे हुद्दा वापरतो, त्याला आपल्या कृत्याचा पश्चात्ताप दिसत नाही, अशा अर्थाचं वाक्य होतं. सोबत पुरावा म्हणून माझ्या लग्नाची पत्रिका जोडली होती. गणपतीच्या चित्रासकट. ती तिथे कुणी पोहोचवली ते कधीच कळलं नाही. बांधावरून भांडण असलेले भाऊबंद होते, त्यांच्यापैकी कुणी असेल. पण छापली मी होती. दाजींनी बशीत चहा ओतला, फुंकर घातली आणि म्हणाले, "तुझी पत्रिका दिल्लीपर्यंत गेली, बघ. लोकांच्या येवल्याच्या पुढे जात नाहीत."

त्या दिवसापासून मी पत्रिकावाला झालो. मळ्यात गेलो की हाक यायची, "शैला, पत्रिकावाले आलेत, चहा टाक." सगळे हसायचे, मीही हसायचो. घरी येऊन मात्र झोप लागायची नाही. ते चिडले असते तर बरं झालं असतं… रागावलेल्या माणसाची माफी मागता येते. दाजींनी ती सोय मला ठेवली नाही.

मग मुंबईला उच्च न्यायालयात याचिका झाली. नवीन वकीलबाई होत्या, कळवणच्या माहेरवाशीण, बोलायला फटकळ. पहिल्या भेटीत त्यांनी पत्रिका वाचून मला विचारलं, "हे दिवे तुम्ही लावलेत का?" मी मान खाली घातली. "असू द्या, यातूनच वाट काढू," त्या म्हणाल्या. तारखा पडत राहिल्या. शतक बदललं. दाजींनी झेंडू कमी करून गुलाब वाढवला, केस पिकले. मी जमेल त्या तारखेला त्यांच्याबरोबर जायचो. गाडीत ते खिडकीशी बसायचे आणि इगतपुरी येईपर्यंत शेतांकडे बघत बसायचे.

एका रविवारी मी मळ्यात होतो. फाटकाबाहेर एक माणूस उभा दिसला, पायात धुळीने भरलेले बूट, हातात नागलीच्या पिठाची पिशवी. आत येत नव्हता, जातही नव्हता. शेवटी म्हणाला, "मेजरसाब हायेत का?"

दाजींनी वाक्य सुरू केलं, "मेजर नाहीत…" आणि ओळखून थांबले. मग फाटक उघडत म्हणाले, "पोरगी केवढी झाली रे?"

काशिनाथ तिथेच, फाटकात, रडायला लागला. नोकरी पूर्ण करून पेन्शनवर गावी आला होता. ओट्यावर बसल्यावर म्हणाला, "साब, तवा चौकशीवाले मला म्हनले, तोंड उघडलं तर तूबी घरी जाशील. पोरगी पाळन्यात व्हती. मी म्हनलो, आठवत नाय. मला समदं आठवत व्हतं." दाजी म्हणाले, "पाळण्यात पोरगी असताना मीही तेच म्हणालो असतो." ताईने चहा आणला. काशिनाथने कप हातात घेतला नाही, आधी म्हणाला, "कुठं सांगायचं ते सांगा. मी येतो."

तो आला. वकीलबाईंनी त्याचं शपथपत्र दाखल केलं. सुनावणीत समोरच्या बाजूने पत्रिका काढली तेव्हा बाई उठून म्हणाल्या, "आमच्या नाशिक जिल्ह्यात गणवेश घातलेल्या प्रत्येकाला मेजर म्हणतात. माझ्या माहेरी होमगार्डलाही म्हणतात." न्यायाधीश हसले, मागे बसलेले वकीलही हसले. इतकी वर्षं छातीवर घेऊन फिरलेला तो कागद त्या हसण्यात एकदम हलका झाला. माझ्या डोळ्यांत पाणी आलं ते दाजींना दिसू नये म्हणून मी छताकडे बघत बसलो. निकाल पुढे काही महिन्यांनी लागला. खोट्या हजेरीची चूक कायम राहिली, ती दाजींनी कधी नाकारलीच नव्हती. पैसे घेतल्याचा आरोप टिकला नाही. बडतर्फच्या जागी 'सेवेतून मुक्त' असे शब्द आले, आणि अप्रामाणिक हा शब्द गेला. हुद्दा त्यांना परत लावता येणार होता.

दुसऱ्या दिवशी पहाटे मी मुद्दाम त्यांच्याबरोबर फुलबाजारात गेलो. एका व्यापाऱ्याने नेहमीसारखी हाक मारली, "ओ मेजर, आज उशीर केला." त्याला निकालाचं काही माहीत नव्हतं. दाजींनी सवयीने तोंड उघडलं. माझ्याकडे बघितलं. मिटलं. मग म्हणाले, "हो, झाला जरा." जाळी खाली ठेवायला वाकले ते थोडा वेळ वाकलेलेच राहिले. मी आजवर ऐकलेला त्यांचा तो सगळ्यांत आनंदी आवाज होता.

त्यानंतरची वर्षं निवांत गेली. फाटकाशी कुणी "मेजर आहेत का?" विचारलं की आतून आवाज यायचा, "आहेत. या."

परवा मी ताईकडे ओट्यावर बसलो होतो. फाटकाशी काशिनाथ उभा, हातात तशीच पिशवी. द्राक्षांच्या हंगामात तो लेकी-जावयाबरोबर पिंपळगावकडे बागेत कामाला होता, त्याला काहीच कळलं नव्हतं. "मेजरसाब हायेत का?"

मी उठलो. फाटकापर्यंत गेलो. माझ्या तोंडून आपोआप आलं, "मेजर नाहीत…" पुढचं वाक्य मी इतक्या वेळा ऐकलं होतं की तेही आलं. "मी आहे. आत या."

त्याला समजलं. पिशवी कवटाळून तो ओट्यावर बसला. मीही. मग माझ्याकडे नीट बघून म्हणाला, "तुमी तेच ना, पत्रिकावाले?"

"हो. त्यांनी तुम्हालाही सांगितलं होतं?"

"दर खेपंला सांगायचे." त्याने उपरण्याने डोळे पुसले. "म्हनायचे, काशिनाथ, मला दोन मानसं भेटली. एकानं पाहिजे तवा तोंड उघडलं नाय, न एकानं नको तवा उघडलं. दोगांना एकदा शेजारी बशिवतो, म्हनायचे."

मला हसू आलं, ते आवरेना. तोही हसायला लागला. ओट्यावर आम्ही दोघं शेजारी बसलो होतो, दाजींनी बसवल्यासारखे… इतक्या वर्षांत पहिल्यांदा माझं हसणं घशात अडकलं नाही.

आतून ताईने विचारलं, "कोण आलंय रे?"

"मेजरांकडे आलेत," मी म्हणालो.